मदत हवी आहे: पिस्ट आणि ऑफ-पिस्ट, दोन्हींसाठी एकच स्कीजोडी

मी म्युनिकला राहतो आणि मुख्यतः ऑस्ट्रियातील सांक्ट आंटोनला स्कीइंग करतो. निम्म्याहून अधिक वेळ पिस्टवर, म्हणजे यंत्राने दाबून तयार केलेल्या उतारांवर; उरलेला ऑफ-पिस्ट, म्हणजे लिफ्टलगतच्या न दाबलेल्या मोकळ्या बर्फात. उंची १७५ सेंमी, वजन ७२ किलो. लाल (मध्यम कठीण) उतार सहज जमतात, काळे (सर्वांत कठीण) जपून.

भाड्याने घेतलेल्या ८२ मिमी कंबरेच्या (म्हणजे मधल्या अरुंद भागाची रुंदी) स्की सकाळच्या कडक बर्फावर कडेने चोख पकड घेतात, पण गुडघाभर ताज्या बर्फात त्यांची टोके खाली जातात. १०४ मिमीच्या स्की तिथे छान तरंगतात, मात्र पिस्टवर एका कडेवरून दुसरीवर यायला वेळ लावतात आणि संध्याकाळपर्यंत गुडघे बोलू लागतात. म्हणून आता नॉर्डिका एन्फोर्सर ९४ आणि सॅलोमन क्यूएसटी ९८ (आकडे कंबरेचे, मिमीमध्ये) या दोन जोड्यांवर विचार येऊन थांबला आहे.

चढाई करायची नसल्यामुळे टूरिंग बाइंडिंग (बूट स्कीला जोडणारी, पण चढताना टाच मोकळी सोडणारी पकड) नको. बुटांचे तळ ग्रिपवॉकचे (चालायला सोपे, किंचित वक्र) आहेत, त्यामुळे बाइंडिंग त्यांना चालणारे हवे. हिमस्खलनासाठीचा ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याला शोधणारे रेडिओ यंत्र), बर्फात खुपसून शोधायची काठी आणि फावडे जवळ आहे, तेव्हा तो सल्ला कृपया वगळावा.

माझ्या वजनाच्या माणसाला एन्फोर्सरमधील धातूचे थर दुपारच्या उखडलेल्या पिस्टवर खरोखर उपयोगी पडतात, की केवळ पाय दमवतात? आणि लांबी उंचीइतकी घ्यावी की थोडी जास्त?