कार्बन बाण: पॉइंट गादीत अडकून राहतात, व्हेन सुटतात, बेअर शाफ्ट डावीकडे जातो

प्रत्यंचा_३४
रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य), उजव्या हाताने, दोरी ओढताना बोटांवर ३४ पाउंड. शाफ्ट (बाणाची नळी) ६०० स्पाइन (कडकपणाचा आकडा), कापून २८.५ इंच, पॉइंट (पुढचं धातूचं टोक) १०० ग्रेन वजनाचे. तीन अडचणी आहेत. बाण उपसताना पॉइंट लक्ष्याच्या गादीतच राहतो. व्हेन (बाणाच्या मागची प्लास्टिकची पिसं) पुढच्या टोकाकडून सुटतात. आणि १८ मीटरवर बेअर शाफ्ट (व्हेन न लावलेला बाण) बाकीच्या बाणांच्या डावीकडे चार-पाच इंच लागतो. पॉइंट हॉट मेल्टने (तापवून वितळवायच्या गोंदाने) बसवलेत. सुरुवात कुठून करू?

शाफ्टवाला
पॉइंटपासून करा. कापल्यावर नळीत कार्बनची भुकटी राहते, आणि गोंद शाफ्टऐवजी तिलाच चिकटतो. कापसाची काडी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवून आत फिरवा. पहिली काडी काळीकुट्ट निघेल; पांढरी निघेपर्यंत काड्या बदलत राहा. पॉइंटचं टोक पकडीत धरून तापवा, शाफ्टला आच अजिबात दाखवू नका, कारण उष्णतेने कार्बनचे धागे बांधून ठेवणारं रेझिन खराब होतं. पॉइंटच्या दांड्याला सगळीकडून गोंद लावा आणि फिरवत फिरवत आत सारा. बाहेर आलेला गोंद गरम असतानाच पुसा. बोटाला सोसवत नाही इतका शाफ्ट तापला तर हात थांबवा.

डावीकडे जाणारा बेअर शाफ्ट म्हणजे उजव्या हाताच्या धनुर्धरासाठी बाण कडक पडतोय. स्पाइनचा आकडा जितका लहान, तितका शाफ्ट कडक: २८ इंचांवरच्या दोन आधारांवर ठेवून मधोमध ८८० ग्रॅम टांगल्यावर ६०० चा शाफ्ट ०.६ इंच वाकतो. पण सुटताना बाण किती वाकेल हे लांबी आणि पुढचं वजनही ठरवतं. लांबी आता वाढणार नाही, तेव्हा १२० ग्रेनचे पॉइंट लावून पाहा. तोडून हलके करता येणारे घेतलेत तर आधी पूर्ण वजनावर मारा. तोडलेला तुकडा परत जोडता येत नाही.

तीन_पिसं
वजन बदलण्याआधी दोन गोष्टी बघा. बेअर शाफ्टच्या मागे व्हेनच्या वजनाइतकी टेप गुंडाळली आहे का? नसेल तर तुलनाच चुकते. दुसरं, नॉक, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाचा, दोरीत अडकणारा खाचेचा तुकडा. बाण दोरीत अडकवून खाली लोंबू द्या आणि नॉकपासून दोन इंचांवर दोरीला टिचकी मारा. बाण सुटून पडला पाहिजे. पडलाच नाही तर नॉक घट्ट आहे, आणि घट्ट नॉकचा बाण कडक असल्यासारखा वागतो.

व्हेन पुढून सुटतात म्हणजे बहुतेक रेस्टला (बाण टेकतो तो आधार) किंवा रायझरला (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) घासतात. व्हेनवर टाल्कम पावडर लावून एक बाण सोडा. पुसलेली जागा लगेच दिसेल. वेगळ्या रंगाची व्हेन रायझरपासून बाहेरच्या बाजूला, नॉकच्या खाचेशी काटकोनात हवी, बाकी दोन १२० अंशांवर. पुन्हा चिकटवताना शाफ्ट आणि व्हेनचा तळ दोन्ही अल्कोहोलने पुसा, मग बोट लावू नका. गोंदाची रेघ केसासारखी बारीक, आणि पुढच्या टोकावर एक थेंब. तोच थेंब सगळा भार घेतो.

प्रत्यंचा_३४
१२० ग्रेनने एफओसी (बाणाचा तोल मध्यापासून किती पुढे आहे, ते टक्क्यांत) फार वाढेल का?

शाफ्टवाला
मोजून बघा. नॉकच्या खाचेपासून तोलबिंदूपर्यंतचं अंतर घ्या, त्यातून अर्धी लांबी वजा करा, उत्तराला पूर्ण लांबीने भागून शंभराने गुणा. तोल १८.२५ इंचांवर आला तर १८.२५ वजा १४.२५ म्हणजे ४, आणि ४ भागिले २८.५ म्हणजे १४ टक्के. टार्गेट रिकर्व्हला ११ ते १६ चालतं. जुने पॉइंट काढले की प्रत्येक शाफ्ट हलका वाकवून कानाशी धरा. करकर ऐकू आली तर तो मोडून टाका. तडा गेलेला कार्बन सुटताना हातात घुसतो.