हुज्जत, वितंडा की शब्दांचा कीस?

बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (2:14) 'शब्दयुद्ध' करू नका असं आहे. बोलताना हा शब्द कोणी वापरत नाही. तरुणांच्या वर्गात मी 'वितंडवाद' म्हटलं, तर एका पोराने हरकत घेतली. नेमका शब्द कोणता?

— पोरगं बरोबर आहे! न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, वाद सत्य कळावं म्हणून, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती खोडत बसणं. चर्चच्या मंडळीतल्या भांडणांत दोघेही आपली बाजू मांडतात, तीही हिरिरीने. म्हणजे हा जल्प झाला, पण तो शब्द आता कोणाला कळणार? 'शब्दयुद्ध' मात्र मुळाबरहुकूम आहे. ग्रीकमध्ये लोगोस म्हणजे शब्द, माखे म्हणजे लढाई.

— 'हुज्जत' का नको? घरोघरी तोच आहे.

— चालेल, पण गंमत बघा. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, युक्तिवाद. मराठीत येईतो पुरावा गळाला, भांडण उरलं. तीताच्या पत्रात (3:9) जे वाद टाळायला सांगितलेत, त्यासाठीचा 'झेतेसिस' हा शब्दही मुळात शोध, चौकशी या अर्थाचा. तिथे त्याला 'मूर्खपणाचे' असं विशेषण लावलंय. तोच शब्द प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये सुंतेच्या वादासाठी येतो. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर सुंतेचं जू लादायचं की नाही, हे ठरवायलाच हवं होतं, आणि यरुशलेमेत बसून ठरवलंही. तो वाद कोण टाळा म्हणेल?

— ताई, पटलं. पण ओळखायचं कसं? उपासना संपली की बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून, यावर आमच्यात तासभर जातो. मत कोणाचंच हलत नाही.

— बाप्तिस्म्याचा प्रश्न मी फालतू म्हणणार नाही. पण तासाभरात एकानेही शास्त्र उघडलं नसेल, तर तो शब्दांचा कीसच. रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय वाचा. एक सगळं खातो, दुसरा फक्त भाजीपाला. पत्र लिहिणाऱ्या पौलाचं स्वतःचं मत पक्कं आहे, ते तो सांगतोही, तरी भाजी खाणाऱ्याला 'आधी चूक कबूल कर, मग आत ये' म्हणत नाही.

— 'शब्दांचा कीस' आवडलं. रविवारी फळ्यावर तेच लिहितो. आणि त्या पोराला सांगतो, तूच जिंकलास. तो म्हणेल, हा जल्प नव्हता!