मावशीला कयाकिंगला नेलं त्याची गोष्ट

पोहता न येणाऱ्या पाहुण्यांना कयाकमधे (वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी) बसवावं का असा प्रश्न एकाने विचारलाय. आम्ही गेल्या वर्षी मावशीला (वय ६३, पोहणं शून्य) एल्कहॉर्न स्लूला नेलं होतं, कॅलिफोर्नियात मॉन्टेरे आणि सांताक्रूझच्या मधे मॉस लँडिंग आहे तिथे. समुद्रात जायचं नाही, आत शिरलेली खाडी आहे, लाटा नाहीत. डबल (दोघांची) कयाक घ्या, लाइफ जॅकेट असतंच, आणि पाहुण्यांना पुढे बसवा, म्हणजे वल्हं मारायचं थांबले तरी तुम्हाला दिसतं :)

पण भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघूनच निघा हां! भरतीबरोबर आत आणि ओहोटीबरोबर बाहेर जमलं तर उत्तम, आणि निघायचं सकाळी लवकर. आम्ही डबे भरण्यात उशीर केला, दुपारी समुद्राकडून वारा सुटला तो परतताना बरोब्बर तोंडावर, नवऱ्याचे खांदे दोन दिवस दुखत होते.

सी ऑटर (समुद्री पाणमांजर) मात्र भरपूर. एक उताणा पडून पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपला आपटत होता, टक टक आवाज आमच्यापर्यंत येत होता, मावशी म्हणे "हा तर नारळ फोडतोय!" जवळ जायचं नाही पण, पाच कयाक मावतील एवढं अंतर ठेवायचं.

येताना कॅस्ट्रोव्हिल लागतं, आर्टिचोकचं (कळीसारखी एक भाजी) गाव. तळलेले आर्टिचोक खाल्ले, मावशीचा निकाल: केळफुलाची भजी, मीठ कमी. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे फोटो तिने अजून कोणाला दाखवले नाहीयेत, ऑटरचा व्हिडिओ मात्र अख्ख्या सोसायटीने पाहिलाय.