मदत हवी आहे: हायड्रॉलिक ऑइलमध्ये पाणी शिरलंय

मंडळी, उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे. हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) प्रेसच्या टाकीतलं २०० लिटर ६८ नंबरचं (म्हणजे त्या दाटपणाचं) ऑइल ताकासारखं पांढरं झालंय. तापल्या तव्यावर थेंब टाकला की तडतडतो, म्हणजे पाणी नक्की. ऑइल थंड करणारा कूलर गळत नाही. ब्रीदरमधून, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायच्या झाकणातून, दमट हवा गेली असणार, आपल्या बेळगावचा पावसाळा माहीत आहेच! दोन दिवस मशीन बंद ठेवून तळाचं पाणी काढलं, तरी दुधाळपणा जाईना. साधा १० मायक्रॉनचा फिल्टर पाणी अडवत नाही, हे उशिरा कळलं.

पाणी शोषणारं कार्ट्रिज लावू काय? पण विरघळलेलं पाणी त्यानं निघत नाही, आणि भरलं की फेकायचंच. व्हॅक्यूमवर पाणी काढणारं मशीन बेळगाव-कोल्हापुरात भाड्यानं कुठं मिळेल? की सरळ ऑइलच बदलू? कुणी केलं असेल तर सांगा की.