मदत हवी आहे: हौशी मंडळींच्या फोटोंवर अभिप्राय कसा लिहायचा?

टेकडीवाली
रविवारच्या आत लिहून द्यायचंय, म्हणून थेट विचारते. आमच्या गटात या महिन्यात फोटोंवर अभिप्राय लिहायची पाळी माझी आहे. फोटो बघून काय वाटतं ते कळतं, पण लिहायला बसलं की “छान”, “रंग सुरेख” यापुढे हात चालत नाही. तेवढ्यावर सोडणं मला पटत नाही. माणूस भल्या पहाटे उठून पक्षी टिपायला कवडीपाटला जातो, चिखलात उभा राहतो, आणि आपण अंगठ्याचं चित्र टाकून मोकळं व्हायचं? नुसते दोष काढले तर पुढच्या महिन्यात तो फोटोच टाकणार नाही. जे हे नेमाने करतात त्यांनी कसं करता ते सांगा. “मनापासून लिहा” हे सोडून.

रीळवाला
गट कसला? नवशिके की मुरलेले? अभिप्राय सगळ्यांसमोर की ज्याचा त्याला? फोटो मोबाइलचे का? आणि एखादा तरी फोटो शब्दांत सांगा, नाहीतर आम्ही हवेत बोलत राहू.

उजनीकाठ
आधी सगळ्यांकडून मूळ फाइल मागवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्याचा दर्जा उतरतो आणि शटर (ते किती वेळ उघडं होतं), आयएसओ (प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) यांच्या नोंदी निघून जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की त्या राहतात. भिगवणला उडणारा रोहित (फ्लेमिंगो) पुसट आला असेल आणि नोंदीत शटर १/२०० सेकंद दिसलं, तर अभिप्राय तिथेच तयार: १/१६०० वर जा, आयएसओ वाढला तर वाढू दे. त्याला शब्दांचा फुलोरा लागत नाही.

कसब्यातला
पक्ष्यांपुरतं ठीक. मंडईत भाजी विकणाऱ्या मावशींच्या फोटोला शटर सांगून काय मिळणार? मी आधी विषय चौकटीत कुठे बसवलाय ते बघतो. तिसऱ्या भागाचा नियम पाळला, म्हणजे विषय मधोमध न ठेवता चौकटीच्या एक तृतीयांश रेषेवर ठेवला, की निम्मे फोटो सुधारतात.

चौकट
कसब्यातला, पाताळेश्वरचा गोल नंदीमंडप समोरून काढा आणि बाजूला सरकवून दाखवा. तो मधोमधच शोभतो. नियमावर बोट ठेवून अभिप्राय लिहिणाऱ्याने फोटो नीट पाहिलेलाच नसतो.

निवांत
मोबाइलवर काढत असतील तर मेहनत वाया. जुना डीएसएलआर आणि ५० मिमी १.८ लेन्स घ्या. मी तेच वापरतो.

टेकडीवाली
निवांत, कॅमेरा घ्यायचा नाहीये.
वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांचा गट आहे. निवृत्त काका आहेत, कॉलेजची मुलं आहेत. बहुतेक मोबाइलच. स्पर्धा नाही, पण अभिप्राय गटावर सगळ्यांना दिसतो. तीन फोटोंवर अडलेय. मिरवणुकीतलं ढोलपथक, रात्रीचं, सगळं हललेलं. दिवे घाटातली वारी, खाली ओळ “तुकोबांची पालखी”. आणि एका मुलाने काढलेला आजीचा फोटो, ओट्याशी पोळ्या लाटताना, अगदी जवळून. हाच मला सगळ्यांत आवडला आणि यावरच काही सुचत नाही.

वारीवेडा
दिवे घाटातून माउलींची पालखी जाते, सासवडकडे. तुकोबांची लोणी काळभोरकडून. पुण्यात दोन्ही मुक्कामाला असतात, माउली पालखी विठोबाला आणि तुकोबा निवडुंग्या विठोबाला, म्हणून लोकांची गल्लत होते. ओळ बदलायला सांगाच.

कसब्यातला
त्या फोटोबद्दल विचारतायत.

वारीवेडा
फोटोखालची ओळ फोटोचाच भाग असते. दहा वर्षांनी नातवंडं तीच ओळ वाचून फोटो बघणार.

रीळवाला
आता बोलता येईल. आधी “हललेलं” म्हणजे नेमकं काय ते बघा. दिव्याच्या खांबाच्या कडाही एकाच दिशेला ओढल्या गेल्यात? मग हात हलला. खांब स्वच्छ आणि फक्त ढोल वाजवायचं टिपरू पुसट? मग शटर संथ होतं, आणि ते चांगलंही असू शकतं, वादनाचा जोर त्यातूनच दिसतो. मागचे लोक स्पष्ट आणि वादक मऊ दिसत असेल तर फोकस मागे गेलाय. मोबाइलच्या नाइट मोडमध्ये अनेक फ्रेम एकत्र जोडतात, तेव्हा एकाच माणसाला जास्तीचे हात फुटल्यासारखे दिसू शकतात. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. “फोटो हललाय” एवढंच वाचून त्या माणसाला पुढे काय करायचं ते कळत नाही, म्हणून ते मनाला लागतं.

माझी पद्धत अशी: पहिलं वाक्य माझी नजर आधी कुठे गेली याचं. मग ती कुठे अडली. मग पुढच्या वेळी करून बघायची एकच गोष्ट. आणि लिहिण्याआधी फोटो काढणाऱ्याला विचारायचं, यात काय दाखवायचं होतं?

उजनीकाठ
एकच का? पाच चुका असतील तर पाच सांगा. माणूस शिकायलाच आलाय ना?

रीळवाला
समोरासमोर बसलो की पाचही सांगतो. चारचौघांत लिहून नाही.

चौकट
आजींच्या फोटोबद्दल. मोबाइलचा मुख्य लेन्स बराच वाइड, म्हणजे रुंद दृश्य पकडणारा असतो. तो चेहऱ्याजवळ नेला की नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात. यात दोष अंतराचा आहे. दोन पावलं मागे जाऊन २ एक्स झूम लावायला सांगा. मात्र लिहिताना अंतराबद्दलच लिहा, आजींच्या चेहऱ्याबद्दल एक शब्द नको. त्या वाचतील.

निवांत
५० मिमी असतं तर लांबून काढला असता.

टेकडीवाली
हे कसं वाटतं? “फोटो उघडला की नजर आधी आजींच्या हातांवर गेली. खिडकीचा उजेड पिठाने माखलेल्या बोटांवर पडलाय. मग डावीकडच्या लाल डब्याने नजर ओढून नेली. पुढच्या वेळी दोन पावलं मागे ये, २ एक्स लाव, आणि डबा चौकटीबाहेर ठेव.”

रीळवाला
सुरुवात फार चांगली आहे. डबा आणि अंतर मात्र दोन गोष्टी झाल्या. काय दाखवायचं होतं ते विचारलंत का?

टेकडीवाली
आत्ता विचारलं. म्हणाला, आजीचे हात. चेहरा आपोआप आला. मग मागे ये हा सल्लाच चुकीचा ना?

चौकट
या फोटोपुरता हो. मी पोर्ट्रेट धरून बोललो. हातच हवे असतील तर अजून जवळ जाऊ दे, चेहरा सुटला तरी चालेल. डबाही मग आपोआप बाहेर जाईल.

उजनीकाठ
फार जवळ गेला तर फोकस बसणार नाही, तेवढं सांगा. बोटांवर टॅप करून मग काढायचा.

टेकडीवाली
“आणखी जवळ जा, फक्त हात आणि लाटणं घे” एवढंच ठेवते. टॅपचं त्याला वेगळं सांगेन. ढोलाच्या फोटोत खांबाच्या कडाही ओढलेल्या आहेत, म्हणजे हात हललाय, ते तसंच लिहिते. दिवे घाटाच्या ओळीबद्दल तो फोटो टाकणाऱ्या काकांना फोन करते, गटावर नको.