शनिवारच्या ऑनलाइन गप्पांची वेळ कशी जमवायची? मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

आमचा सहा जणांचा एक कट्टा आहे. २०२० च्या टाळेबंदीत नेटवरच ओळखी झाल्या आणि टिकल्या. मी नाशिकची, काकू कोल्हापूरच्या, बाकीचे चौघं दुबई, लंडनजवळचं रेडिंग, न्यू जर्सीतलं एडिसन आणि सिडनी इथे. दर शनिवारी आपल्या संध्याकाळी साडेसातला व्हिडिओवर भेटतो. विषय ठरलेला नसतो. कुणाची कामवाली आली नाही, कुणाचं विरजण लागलं नाही, कुणाच्या मुलाने केस रंगवले, असंच सगळं. काकूंचा फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला असतो, त्यामुळे त्यांचा चेहरा कमी दिसतो. दिसते ती परात, मेथी निवडणारे हात आणि मधूनच येऊन शेंगदाणे पळवणारा नातू. आठवडाभर मी या तासाची वाट बघते.

अडचण सिडनीवालीची आहे. आपले साडेसात म्हणजे तिकडे त्यांच्या हिवाळ्यात मध्यरात्रीचे बारा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास पुढे गेलं, आता एक वाजतो. रविवारी सकाळी तिला मुलीला पोहायला न्यायचं असतं. आधी ती पेंगत का होईना, यायची. हल्ली येत नाही, आणि ‘तुम्ही बोला गं, माझं राहू दे’ असा मेसेज टाकते. मला ते राहू द्यायचं नाहीये. माझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या आठवड्यात रोज फोन करून ‘जेवलीस का’ विचारणारी तीच होती.

त्यात या रविवारी रेडिंगचं घड्याळ एक तास मागे जाणार आणि पुढच्या रविवारी एडिसनचं. म्हणजे मधला एक आठवडा त्या दोघांत पाचाऐवजी चारच तासांचं अंतर. मार्चमध्ये तर हा घोळ दोन-तीन आठवडे चालतो. दुबईचं आणि आपलं घड्याळ तेवढं जागेवर.

तर, सगळ्यांना झेपेल अशी वेळ कुणी काढून देईल का? आणि कॉल कशावर करावा? दुबईत व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही, झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटांनी कॉल बंद होतो, आणि तोवर काकूंची मेथीसुद्धा निवडून होत नाही.

अजून एक, हे जास्त मनाला लागलंय. रेडिंगवाला नवी नोकरी लागल्यापासून गप्प झालाय. ‘काय रे, काय विशेष?’ विचारलं की ‘काही नाही, तुम्ही सांगा’ म्हणतो आणि माइक बंद करतो. त्याला बोलतं कसं करावं?

निळीशाई:
आधी एक करा, वेळ कायम भारताची धरा. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, बाकीच्यांनी आपापलं जुळवून घ्यायचं. गूगल कॅलेंडरवर भारतीय वेळेने कार्यक्रम टाकून सगळ्यांना पाठवलात तर प्रत्येकाला आपोआप आपली वेळ दिसेल, मार्चमध्येसुद्धा.

आता आकडेमोड. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपले संध्याकाळचे साडेपाच म्हणजे दुबईत ४, रेडिंगला दुपारी १२, एडिसनला सकाळी ७ आणि सिडनीत रात्रीचे ११. साडेचार केलेत तर सिडनीत १०, पण एडिसनवाल्याला शनिवारी सकाळी ६ ला उठावं लागेल. सगळ्यांना सोयीची वेळ या सहा गावांत निघतच नाही. कुणाला तरी थोडं ओढावं लागणार, ते दर वेळी एकाच माणसाला ओढू देऊ नका.

भटकभवानी:
अगदी. आमच्या चुलत भावंडांच्या ग्रुपवर आम्ही पाळी लावली आहे. एका शनिवारी संध्याकाळी भेटायचं, पुढच्या आठवड्यात रविवारी सकाळी. तुम्हाला आपले सकाळचे साडेसात चालत असतील तर थंडीत सिडनीत दुपारचा १ असतो आणि एडिसनला शनिवारच्या रात्रीचे ९. दोघं निवांत. दुबईवाल्याला मात्र ६ ला उठावं लागेल आणि रेडिंगला रात्रीचे २, म्हणजे तो त्या आठवड्यात नाही. त्याच्यासाठी व्हॉइस मेसेज ठेवा. कामाला जाता-येता ऐकतो माणूस.

वाळवंटातला_कांदेपोहे:
दुबईकर बोलतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर इथे कॉल होत नाही, पण मेसेज आणि व्हॉइस मेसेज व्यवस्थित जातात. गूगल मीट चालतं. फुकट खात्यावर तीन किंवा जास्त माणसं असली की ६० मिनिटं मिळतात, मग तीच लिंक परत उघडायची. २०२२ पासून इथेही शनिवार-रविवार सुट्टी झाली आहे, त्यामुळे तुमचा मित्र रविवारी सकाळीही मोकळा असेल. सहाला उठवायचं तर आदल्या दिवशी सांगा एवढंच.

निवांतक्षण:
रेडिंगवाल्याबद्दल लिहिते. ‘काय विशेष’ विचारलं की माणूस आठवड्यात काही विशेष घडलं का ते शोधायला लागतो, आणि नव्या नोकरीत दमलेल्या माणसाला काही सापडत नाही. त्याला बारीक गोष्ट विचारा. आज जेवलास काय? ऑफिसला गाडीने जातोस की ट्रेनने? घरमालकाने हीटर दुरुस्त केला का? माझा भाऊ असाच गप्प होता. एकदा त्याला म्हटलं, आमटी पातळ झालीये, काय करू? आमटीवरून सुरू झाला तो तासभर बोलला, शेवटी नोकरीचंही बोलला. आणि सगळ्यांसमोर ‘तू गप्प का’ असं कृपया विचारू नका. एकट्याला फोन करा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री काकूंना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘साडेपाचला माझा चहा असतो, चहाबरोबर बसेन. आणि रविवारी सकाळी मी पाचपासून जागीच असते की.’

एडिसनवाला सातला तयार आहे. सिडनीवालीला पाळीचं कळवलं, तर तिने लगेच विचारलं, ‘म्हणजे पहिला रविवार कुठला?’ ते वाचून फार बरं वाटलं. दुबईवाला दर आठवड्याला मीटची लिंक टाकेल.

निवांतक्षण, तुमचं म्हणणं पटलं. आज दुपारी रेडिंगवाल्याला एकट्याला फोन केला आणि विचारलं, तिकडे ज्वारीचं पीठ मिळतं का, भाकरी थापतोस की लाटतोस? लाटतो म्हणाला, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये. कडा फाटतात, त्यावर उपाय हवाय त्याला. उकड काढून बघ म्हणून सांगितलंय, पण हा प्रश्न शनिवारी तू स्वतःच काकूंना विचार, असंही म्हटलं. हो म्हणालाय.

आता एकच राहिलं. एडिसनचं घड्याळ पुढच्या रविवारी बदलतंय, म्हणजे येत्या शनिवारी त्याच्याकडे सातऐवजी आठ वाजलेले असतील. कॅलेंडरमध्ये ते आपोआप येईल ना, की वेगळं काही करावं लागतं?

निळीशाई:
आपोआप येईल. फक्त कार्यक्रम टाकताना वेळेचा विभाग भारताचा निवडलाय ना, तेवढं एकदा बघून घ्या.