मदत हवी आहे: गोठ्यात आपोआप भरणारी पाण्याची भांडी बसवायची आहेत

राम राम मंडळी. मोहोळ तालुक्यात वस्तीवर आमचा गोठा आहे. पाच पंढरपुरी म्हशी, तीन एचएफ (होल्स्टीन, संकरित-विदेशी जातीच्या) गाई, एक खिलार जोडी. आई दिवसातून तीनदा बादलीनं पाणी पाजते. उन्हाळ्यात आपल्या सोलापूरचा पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा दुभत्या जनावराला ७०-८० लिटर सहज लागतं. दुधातच ८२ ते ८७ टक्के पाणी, तहानलेली म्हैस दूध देणार कुठून? आणि आईची कंबर आता साथ देत नाही.

नमुन्याला एक भांडं आणून बसवलं. आत जिभेसारखी पट्टी आहे, जनावरानं तोंडानं दाबली की पाणी येतं. पण आमची टाकी भांड्यापासून जेमतेम सहा फूट उंच, त्यामुळे धार करंगळीएवढी. म्हैस दोन घोट घेते आणि मान वर करून माझ्याकडंच बघत राहते. बघवत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे छोट्या टाकीत एकच बॉलकॉक (पाणी भरलं की तरंगत्या गोळ्यानं आपोआप बंद होणारा नळ) आणि सगळी भांडी खालून एका पाइपला जोडायची, म्हणजे पातळी सगळीकडं सारखी. दाबाचा प्रश्न मिटतो. पण एकीची लाळ दुसरीच्या पाण्यात जाऊन लाळ्या-खुरकूत रोग पसरेल, ही धास्ती आहे.

शिवाय बोअरचं पाणी क्षाराचं. घरच्या टाकीचा बॉलकॉक पांढरा थर बसून सारखा अडकतो.

कमी दाबावर नीट चालणारा बॉलकॉक कुणी वापरलाय का? पाइप एक इंची घ्यावा की सव्वा? आणि दुपारी पाणी तापू नये म्हणून तो किती खोल पुरलात?